चिंचोक्यांचा हिशेब

आमच्याकडं माणूस गेलं, की बाराव्या दिवसापर्यंत त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडला जातो. मुद्दाम कुणी मांडायला बसत नाही. सोप्यात घोंगड्यावर बसलेली माणसं चहा पिता पिता बोलतात आणि हिशेब आपोआप होतो. अमक्यानं खडकाळ माळ फोडून दोन एकर बागायत केलं. तमक्यानं चार बहिणींची लग्नं केली आणि मागं रुपयाचं कर्ज ठेवलं नाही. कुणी विहीर पाडली, कुणी देवळाला पायऱ्या बांधल्या. हिशेबाला मोजता येईल अशी वस्तू लागते. विहीर परसात मोजता येते, जमीन गुंठ्यात.

माझी आज्जी गेली तेव्हा हा हिशेब अडला. तिनं जमीन घेतली नव्हती, घर बांधलं नव्हतं. बावीस वर्षं तिनं शाळेची गाडी चालवली, एवढंच. "लई चांगली बाई," असं म्हणून माणसं गप्प बसत होती. शेवटी भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "तिच्या गाडीत कंदी काय झालं न्हाई बगा." त्यावर चार जणांनी माना हलवल्या आणि बोलणं उसाच्या दराकडं वळलं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. 'काय झालं न्हाई.' एका माणसाच्या बावीस वर्षांची कमाई ही असू शकते का? जे घडलंच नाही त्याचं श्रेय कुणाच्या नावावर लिहायचं? आणि न घडण्यासाठी जर दुसऱ्याच कुणाला किंमत मोजावी लागली असेल, तर तिचं काय?

आमचं गाव भोगावतीच्या काठाला. नदीपलीकडं मोठं गाव, तिथं हायस्कूल. मधे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नदीत ओळीनं दगडी खांब असतात. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून घेतात. वरची अरुंद सपाटी म्हणजे आमचा रस्ता. तिला कठडा नाही. पाऊस वाढला की पहिल्यांदा हे बंधारे पाण्याखाली जातात आणि कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत रोज आकडा येतो, आज इतके बंधारे पाण्याखाली. वर राधानगरीचं धरण. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी हुकूम द्यावा लागत नाही. बंधाऱ्याच्या तोंडाशी गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र दर वेळी स्वतः ठरवावं लागतं.

आजोबा साखर कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पुढं पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली आणि गावातली पोरं पलीकडच्या शाळेला न्यायला सुरुवात केली. दोन वर्षं झाली नाहीत तोवर त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय गेला. गाडी दारात, हप्ते डोक्यावर. घेणाऱ्याला गाडी पडत्या भावात हवी होती. आज्जी चौथी शिकलेली, वय अडतीस. ती म्हणाली, "मला शिकवा."

उसाची तोड झाल्यावर मोकळ्या रानात आजोबा डावीकडच्या सीटवर बसायचे. जीभ जड झालेली, त्यामुळं 'क्लच' म्हणतायत की 'हळू' हे तिलाच कळायचं. नऊवारीचा काष्टा घालून ती गाडी चालवायची. कोल्हापूरच्या आरटीओत साहेबानं तिला गाडी दोनदा मागं घ्यायला लावली; एकदा परीक्षा म्हणून, दुसऱ्यांदा बघायला जमलेल्या लोकांसाठी. तेव्हा पक्कं लायसन मिळून वर्ष झाल्याशिवाय प्रवासी गाडीचा बॅच मिळत नसे, म्हणून ते वर्ष चुलत्यांच्या पोरानं गाडी सांभाळली. १९९० च्या जूनमध्ये आज्जी स्टिअरिंगवर बसली.

तेव्हाचा काळ ध्यानात घ्यायला हवा. तमिळनाडूत एम. वसंतकुमारी सरकारी बसच्या चालक झाल्या त्या १९९३ साली, आणि ती देशभर बातमी झाली. आपल्या एसटीत बाईच्या हाती बस यायला त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं गेली. आमच्या आज्जीची बातमी कुठं आली नाही. गावात मात्र पहिले दोन महिने चावडीवर तोच विषय. "बाई मानूस गाडी हाणतंय, पोरं कशी पाठवायची?" एकोणीस पोरांतली सात पहिल्या आठवड्यात आलीच नाहीत. ऑगस्टपर्यंत हळूहळू सगळी परत आली, कारण दुसरी सोय नव्हती. लोकांचा विश्वास बसला म्हणून नव्हे. विश्वास बसायला वर्षं लागतात.

ती पहाटे पाचला उठायची. थंडीत डिझेलची गाडी लवकर चालू होत नाही, म्हणून गाडी रात्री उताराला लावलेली असे. पाणी, ऑइल, चाकं, ब्रेक सगळं हातानं बघायचं. मग देवाला हात जोडायचे. हा क्रम तिनं कधी बदलला नाही. एकदा मी विचारलं, आधी देव का नाही? म्हणाली, "आदी बिरीक बगायचा. मग त्याच्याकडं जायाचं. नुसतं त्याच्यावर टाकलं तर त्येला बी वझं हुतंय."

गिअरच्या शेजारी तारेनं बांधलेले डालड्याचे दोन रिकामे डबे असत. सकाळी डाव्या डब्यात एकोणीस चिंचोके. पोर गाडीत चढलं की त्यानं आपल्या हातानं एक चिंचोका उचलायचा आणि उजव्या डब्यात टाकायचा. टण् असा आवाज यायचा. शाळेच्या दारात उतरताना तोच परत डावीकडं. संध्याकाळी पुन्हा तसंच. उजवा डबा रिकामा झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे. डावीकडं सकाळी एखादा उरला, तर संध्याकाळी ती त्या पोराच्या दारात उभी राहून विचारायची, "आज का आलं न्हाई?"

एका संध्याकाळी शेवटचं घर झालं आणि उजव्या डब्यात एक चिंचोका शिल्लक राहिला. मी पुढंच बसलो होतो. तिनं गाडी बंद केली, खाली उतरली, मागचं दार उघडलं. पहिलीतलं एक पोर मागच्या सीटखाली दप्तरांच्या मधे गाढ झोपलेलं. तिनं त्याला उचललं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. उशीर का झाला हे तिनं सांगितलं नाही आणि त्याच्या आईनं विचारलं नाही. ती गाडी रात्रभर उताराला बंद उभी राहिली असती, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आता त्या दिवसाकडं येतो.

नव्वदीच्या दशकातला जुलै. मी चौथीत होतो. रात्रभर पाऊस. सकाळी बंधाऱ्यावरून पाणी वाहत होतं, वीतभर असेल. आज्जीचा नियम एकच होता. बंधाऱ्याच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत. कड दिसत नसेल तर गाडी जात नाही. त्या दिवशी कड दिसत नव्हती. दुसरा रस्ता लांबून होता, पण मधल्या ओढ्याला कमरेइतकं पाणी असल्याचा निरोप आलेला.

गाडीत त्या दिवशी आम्हा पोरांशिवाय वरच्या आळीची एक मुलगी होती. बारावी झालेली. तिचं डी.एड.च्या यादीत नाव लागलं होतं आणि मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचा तो शेवटचा दिवस. त्या काळी डी.एड. म्हणजे काय होतं हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दोन वर्षांचा अभ्यास आणि मग प्राथमिक शाळेची नोकरी. शिकलेल्या गरीब पोरीला हाच एक दरवाजा उघडा असायचा. तिच्या बापानं आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, "आज्जी, पोरीला तेवढं पलीकडं सोडा, तितनं ती एसटीनं जाईल."

आज्जीनं गाडी उभी केली. अर्धा तास झाला. पाणी उतरेना. मागून डेअरीचे दुधाचे कॅन घेऊन गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर आला. त्यानं पाणी बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि मुलीला म्हणाला, "ताई, चला की. मी निगालोय."

मुलगी उठली. आज्जीनं तिचं मनगट धरलं.

"आज्जी, सोडा. आजचाच दिवस हाय."

"माझ्या गाडीत चढलीस न्हवं? आता घरला सोडंपातूर तू माझ्या मोजणीत हाईस."

मुलगी रडली, ओढाओढ केली. आज्जी काही बोलली नाही, पण मनगट सोडलं नाही. ट्रॅक्टर पाण्यात शिरला. पुढचं लहान चाक निम्मं बुडालं. आम्ही सगळी पोरं काचेला नाक लावून बघत होतो. मधे एकदा तो थांबल्यासारखा वाटला. मग पलीकडच्या काठाला चढला. ड्रायव्हरनं हात वर करून हॉर्न दिला आणि आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. आज्जीनं गाडी मागं घेतली आणि एकेकाला घरी सोडलं.

त्या संध्याकाळी गावाचा निकाल लागला होता. ट्रॅक्टरवाला मर्द, आणि आज्जी भित्री. "पोरीचं वाटोळं केलं म्हातारीनं." पुढच्या महिन्यात चार घरांनी पोरं काढून एका ट्रॅक्स जीपमध्ये घातली. ती जीप दहा मिनिटं लवकर पोचायची आणि पाण्याला घाबरायची नाही. चार पोरांचं भाडं म्हणजे आमच्या घरातलं महिन्याचं गोडेतेल आणि आजोबांची औषधं. भित्रेपणा फुकट नव्हता.

मी मोठा झाल्यावर त्या दिवसाचा बराच विचार केला. समजा, ट्रॅक्टर वाहून गेला असता. मग त्याच गावानं त्याच संध्याकाळी आज्जीची ओटी भरली असती. तिनं जे केलं त्यात तसूभर फरक पडला नसता. तिला जे दिसत होतं ते तेवढंच होतं, वीतभर पाणी आणि न दिसणारी कड. ट्रॅक्टरवाल्यालाही तेवढंच दिसत होतं. पोचला म्हणून तो धाडसी, वाहून गेला असता तर मूर्ख. म्हणजे गावानं मोजला तो नदीचा त्या दिवसाचा जोर, आणि नाव मात्र दिलं माणसाच्या गुणांना. हे आपण रोज करतो. दारू पिऊन घरी नीट पोचलेल्याला आपण काही म्हणत नाही आणि रस्त्यात कुणी आडवं आलं की त्यालाच खुनी म्हणतो. दोघांनी केलेली गोष्ट एकच असते. दैवानं एकाच्या वाटेत माणूस उभा केला, दुसऱ्याच्या केला नाही.

इथपर्यंतचा विचार सोपा आहे आणि तो आज्जीच्या बाजूनं जातो. पण पुढचा प्रश्न अवघड आहे, आणि आजोबांनी तो त्याच रात्री विचारला. मी शेजारी वाकळंवर पडून ऐकत होतो. जड जिभेनं ते म्हणाले, "पोरं थांबवलीस ते बराबर. पण ती पोरगी शाणी हुती. तिचं तिला ठरवू द्यायला पायजे हुतं."

आज्जी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आसंल." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "पर हात माझ्या हातात हुता. सोडलो आस्तो आणि बुडली आस्ती, तर मी म्हनलो आस्तो व्हय, तिचं तिनं ठरवलं?" कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात; तीही तसंच बोलायची.

हे उत्तर मला पटतं आणि पुरतही नाही. पटतं, कारण ज्याच्या हातात हात आहे त्याची जबाबदारी हात सोडल्यानं संपत नाही. पुरत नाही, कारण हेच कारण सांगून आपल्या गावांतल्या किती पोरींची मनगटं धरली गेली! रस्ता लांब आहे, काळ वाईट आहे, रात्रीचं कोण आणणार, सगळं काळजीपोटीच. सातवीनंतर शाळा सुटलेल्या आमच्या आत्यांना कुणी दुष्टपणानं घरी बसवलं नव्हतं. त्यांच्यावर माया करणाऱ्यांनीच बसवलं. मग काळजीपोटी एका पोरीचा दरवाजा बंद करणारी माझी आज्जी त्या माणसांहून वेगळी कशी?

त्या सकाळी ती वेगळी होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिचं वेगळेपण मला नंतरच्या दिवसांत दिसतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पोरांना शाळेत सोडून आज्जी त्या मुलीला घेऊन एसटीनं कॉलेजात गेली. जागा यादीतल्या पुढच्या नावाला देऊन झाली होती. आज्जीनं तिथल्या कारकुनाला सांगितलं, "पोरीनं उशीर केला न्हाई. गाडी मी थांबवलो. तसं लिवून घ्या, मी सई करतो." त्यानं नियम दाखवला. त्याचंही चुकलं नव्हतं. पुढचं नाव म्हणजेही कुणाची तरी पोरगीच होती. दोघी संध्याकाळी परत आल्या. आज्जी मुलीच्या घरी गेली आणि सोप्यात बसली. बाप तोंडाला येईल ते बोलला. ती ऐकत राहिली. मी पोरीचा जीव वाचवला, असं ती म्हणाली नाही. चुकलं, असंही म्हणाली नाही. शेवटी उठताना म्हणाली, "पुढल्या वर्साला फारम भरायचा खर्च माझा." पुढल्या वर्षी तिनं तो दिला. पण त्या वर्षी यादी वर चढली, मुलीचं नाव लागलं नाही, आणि माघात तिचं लग्न झालं. तिच्याच मामाच्या घरी, आमच्याच गावात.

मला वाटतं, आपल्या बोलण्यात एक गोंधळ असतो. आपण धरून चालतो की माणूस बरोबर असेल तर तो कुणाचं देणं लागत नाही, आणि देणं लागत असेल तर तो चुकलेला असतो. आज्जीच्या हिशेबात ह्या दोन वेगळ्या वह्या होत्या. गाडी थांबवणं बरोबर होतं ही एक वही. त्यापायी एका पोरीचं नुकसान झालं ही दुसरी. पहिल्या वहीतला जमेचा आकडा दाखवून तिनं दुसरीतलं देणं कधी पुसलं नाही. पोरींना घरी बसवणारी माणसं नेमकी हीच दुसरी वही ठेवत नव्हती. तुझ्या भल्यासाठी केलं म्हटलं, की त्यांच्या लेखी हिशेब मिटला. ज्याचं भलं केलं त्याला काय पडलं, हे विचारायला कुणी परत गेलं नाही.

दहा-एक वर्षांनी त्या मुलीची मुलगी पाचवीत गेली. पहिल्या दिवशी आई तिला घेऊन आमच्या दारात आली. तोवर ती गावात अंगणवाडी सेविका झाली होती. आज्जी म्हणाली, "हिचं भाडं घेनार न्हाई."

"घ्यायला पायजे," ती म्हणाली. "फुकट बसवून माझा राग इकत घेता व्हय?"

आज्जी तिच्याकडं बघत राहिली. मग पदराच्या टोकाला पुसून हात पुढं केला आणि महिन्याचे पैसे घेतले. नंतर मी म्हणालो, एवढ्या वर्षांनीही राग धरून बसलीय. आज्जी म्हणाली, "तिचा हाय त्यो. तिनं काय दुसरं मिळवलंय त्या दिवसातनं? त्यो बी मी मागू?"

क्षमा मागणं आणि क्षमा करणं ह्यांविषयी आपल्याकडं पुष्कळ बोललं जातं. कीर्तनात ऐकतो, शाळेत शिकवतो. समोरच्याचा राग समोरच्याकडं राहू द्यावा, तो मिटवायची घाई आपल्या सोयीसाठी करू नये, हे मात्र मला कुठल्या कीर्तनात ऐकायला मिळालं नाही. आज्जीनं ते कुठून शिकलं असेल? कदाचित गाडीवरच. समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असते, आणि त्यानं हात वर करून आभार मानले नाहीत म्हणून आपण गाडी आडवी घालत नाही.

आज्जी गेल्यावर मी त्या बाईंना भेटलो. अंगणवाडीतली पोरं घरी गेली होती, त्या खाऊची भांडी आवरत होत्या. मी सरळ विचारलं, राग गेला का? म्हणाल्या, "न्हाई. का जावा? मी मास्तरीण झालो आस्तो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर एक सांगतो. जीप हुती, ट्रॅक्स हुती. माझी पोरगी मी त्येंच्याच गाडीत घातलो. पावसाळ्यात दुसऱ्या आया दारात हुब्या ऱ्हायच्या. मी निवांत भाकरी थापायचो." ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या. एकीनं दुसरी खोटी पडत नव्हती.

नियम कुठून येतात, हाही ह्याच्याच जवळचा प्रश्न आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या बसगाड्यांसाठी आदेश दिले. २०११ साली महाराष्ट्रानं स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, पोरांना चढवायला-उतरवायला सोबत माणूस. चांगले नियम आहेत. पण त्यातल्या बऱ्याच ओळींच्या मागं कुठं ना कुठं काहीतरी घडलेलं आहे. घडल्यावर आपल्याला नियम सुचतात. घडण्याच्या आधी नियम पाळणारं माणूस आपल्याला भित्रं वाटतं.

त्या नियमांनंतर शाळेनं स्वतःची पिवळी बस घेतली. आज्जीला साठ झाली होती. नियम वाचून दाखवले तेव्हा 'सोबत मदतनीस' ऐकून ती हसली. "म्हंजे मी इतकी वर्सं दोन मानसांचं काम एका पगारात केलो की." २०१२ च्या मार्चमध्ये शेवटच्या फेरीला तिनं डब्यातले चिंचोके भाजून आणले होते. संध्याकाळी प्रत्येक पोर उतरताना तिनं एकेक त्याच्या हातावर ठेवला. पोरांनी ते कडाकडा चावून खाल्ले. मॅटाडोर भंगारात गेली. डबे तिनं न्हाणीत ठेवले, एकात कपड्याचा साबण, दुसऱ्यात राखुंडी. आठवण म्हणून जपून वगैरे ठेवले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं अर्धं गाव उंचावरच्या शाळेत जाऊन राहिलं, आज्जीही. ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि कितीतरी माणसं, बायका, पोरं गेली. बातमी कुणाच्या तरी मोबाइलवर आली. शाळेच्या वर्गात सगळे सुन्न बसलेले. कुणी सरकारला बोललं, कुणी दैवाला. आज्जीनं एवढंच विचारलं, "मोजली हुती का?"

कुणी उत्तर दिलं नाही. तिला दोष कुणाला द्यायचा नव्हता. पाणी दाराशी आल्यावर मिळेल त्या बोटीत माणूस चढणारच, आणि बोट घेऊन येणारा जीव वाचवायलाच आलेला असतो. तरी अशा वेळी कुणातरी एकाला काठावर उभं राहून 'आता पुरे' म्हणावं लागतं. ज्याला मागं ठेवलं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागतं. बोट सुखरूप पलीकडं गेली, तर तो काठावर राहिलेला जन्मभर म्हणणार, मला उगाच थांबवलं. आणि ते खोटं आहे असं त्याला कधीच दाखवून देता येणार नाही. सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला पुरावा येत नाही. पुरावा हवा असेल तर बोट बुडावी लागते.

बावीस वर्षांत तिच्या गाडीतून किती पोरं गेली ते मी एकदा मोजायचा प्रयत्न केला. दीडशेच्या पुढं नावं आठवली आणि मी सोडून दिलं. त्यांतलं कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी ऊस करतं, एक एसटीत ड्रायव्हर आहे. आज्जीविषयी विचारलं की सगळे चिंचोक्याचा तो टण् आवाज सांगतात, गाडी बैलगाडीसारखी चालायची ते सांगतात, आणि मग थांबतात. पुढं सांगायला त्यांच्याकडं काही नसतं. अपघात नाही, थरार नाही, कुणी कुणाला पाण्यातून ओढून काढलं नाही. कंटाळा येईल इतकं साधं बालपण त्यांना मिळालं. त्या कंटाळ्यासाठी कुणीतरी रोज पहाटे पाचला ब्रेक बघत होतं, हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

आज्जीच्या नावावर काय लिहायचं, ह्याचं माझ्यापुरतं उत्तर आता मला मिळालंय. दीडशेच्या वर पोरं मोठी झाली, हे एका बाजूला. एक बाई मास्तरीण झाली नाही, हे दुसऱ्या बाजूला. ह्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची नाही. पहिला मोठा आहे म्हणून दुसरा त्यात बुडवायचा नाही, आणि दुसरा टोचतो म्हणून पहिला नाकारायचा नाही. आज्जी होती तोवर दोन्ही आकडे तिनं सांभाळले. पहिला कुणाला सांगितला नाही आणि दुसरा कधी विसरली नाही.

ती आता नाही. वरच्या आळीच्या बाईंचा राग मात्र आहे, आणि तो ऐकून घ्यायला आमच्या घरातलं कुणीतरी असायला हवं. गावी गेलो की मी अंगणवाडीवरून जातो. त्या भांडी आवरत असल्या तर पायरीवर थोडा वेळ बसतो. पाऊस-पाण्याचं बोलतो. त्या चहा करतात.